पत्ते वाटणारे दोघे

तुम्ही हसताय, पण त्या दिवशी मला रडूच यायचं बाकी होतं. अकराला मुलीची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर, आणि साडेदहाला नेट बंद! डिचोलीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो विचारतो, "वहिनी, तुमच्याकडे पत्ते कोण वाटतो?"

मी वैतागले. "अहो, पत्ते आम्ही फक्त चवथीला खेळतो, गणपती घरात असताना. वाटतात आमचे भावजी."

"ते पत्ते नव्हेत गो! राउटर प्रत्येक मशीनला नेटवरचा पत्ता देतो. तुमच्या कॉम्प्युटरला भलताच मिळालेला दिसतो. घरात दुसरा राउटर आहे?"

"जुना होता. तो माळ्यावर टाकला."

आतून भावजींचा आवाज आला, "तो मी काल खाली काढून जोडला. चांगला चालणारा डबा, फुकट कशाला घालवायचा?"

"आधी त्याची वायर काढा! एका घरात दोन राउटर पत्ते वाटायला लागले की घोळ होणारच!" फोनवरचा ओरडला.

मी वायर उपटली, कॉम्प्युटर बंद करून परत लावला. अकराला दोन मिनिटं असताना नेट आलं आणि मुलगी धावत जाऊन बसली.

भावजी हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

मी म्हटलं, "भावजी, आता चवथीपर्यंत पत्ते वाटू नका."