चप्पल निसटली

— नाही मिस्त्री, फ्यूज नाही, फ्यूज मी सकाळीच बदलून बघितला. हा तुमच्या हातातला नवाच आहे, शाबूत आहे. आणि मोटरही गेलेली नाही — मघाशी तुम्ही बॅटरीवरून थेट तारा लावल्यात तेव्हा पंखा कसा गरगरला, माझी टोपी उडता उडता राहिली. रिलेही दुसरा लावून झाला. म्हणजे पंखा चांगला, फ्यूज चांगला, रिले चांगला, आणि तरी गाडी तापून काटा लाल रेघेला टेकतो तेव्हा हा पंखा आपला ढिम्म. मग बिघडलंय काय? हेच तर मी आल्यापासून विचारतोय. आणि तुम्ही उलट मलाच विचारताय, कधीपासून, कधीपासून — अहो, कधीच नव्हतं असं. इतक्या वर्षांत ही गाडी एकदाही तापली नाही. तुमच्या वडिलांना विचारा — हां, आता कुठे विचारणार, गेले बिचारे. पण असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्या टेकडीच्या चढावर भल्या भल्या नव्या गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या, आणि आमची म्हातारी टुकूटुकू त्यांच्या शेजारून वर जायची. मी हात करायचो त्यांना. बायको म्हणायची, कशाला चिडवताय लोकांना.

घाई करतोय असं वाटेल तुम्हाला, पण उद्या लेक येतेय. त्याचं असं झालं — परवा मी त्या चढावर गेलो, एकटाच, सहज, बरेच दिवस गाडी हलली नव्हती म्हणून — आणि निम्म्यात वाफ. समोरचं काही दिसेना. कुणीतरी भला माणूस थांबला, मला सावलीत बसवलं, आणि माझ्याच फोनवरून लेकीला फोन लावला. आता फोन लावायची काय गरज होती? पण लावला. झालं. तिला आयतंच निमित्त मिळालं. बाबा, आता पुरे, गाडी विका, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे चला. जावईही मागून तेच. चांगला आहे हो जावई, तक्रार नाही, पण त्यांच्या घरात मी काय करू, दुसऱ्याच्या खिडकीतून बाहेर बघत बसू? मी म्हटलं, ये तू, तुला याच गाडीतून टेकडीवर नेतो, काटा अर्ध्याच्या वर गेला तर तू म्हणशील ते. नाही गेला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल झाली. म्हणून म्हणतो, उद्यापर्यंत हा पंखा फिरलाच पाहिजे. माझं घर अडकलंय त्या पंख्यात.

शेजारी? शेजारी बायको बसायची, दुसरं कोण बसणार. थंडी संपता संपता गेली. असू द्या, तुम्हाला काय माहीत, सॉरी कशाला म्हणताय. त्यानंतर गाडी दारातच होती, हा पहिलाच — अहो, तुम्ही आत कुठे शिरताय? ती तिची बाजू. बिघाड पुढे आहे, रेडिएटरपाशी. हो, दिसतंय मला, पंख्याची तार आत गेलीय, पण कंपनीनेच नेली असणार ना ती? माझ्या गाडीची एक तार कुणी कापलेली नाही. मी ठणकावून सांगितलं होतं तुमच्या वडिलांना — मिस्त्री, हिला जोडाजोड चालणार नाही, आली तशीच राहिली पाहिजे. ते हसायचे. म्हणायचे, तुम्ही म्हणाल तसं. बरं, बघा, बघा, डॅशबोर्डखाली डोकं घाला, मी नाही म्हणत नाही.

गंमत सांगू — आत्ता तुम्ही वाकलात ना, अगदी तशीच ती वाकायची. तिथेच. चढ लागला, की हिची चप्पल निसटायची. बरोब्बर चढावर. नाहीतर सिग्नलला, गर्दीत. मी म्हणायचो, काय गं, काय शोधतेस सारखी? चप्पल निसटली. आता बसल्या माणसाची चप्पल निसटते कशी? शेवटी मी तिला पट्ट्याची सँडल आणून दिली, मागून बक्कल असलेली, चांगली मऊ. तीही निसटली. मी म्हटलं, धन्य आहे तुझी, तुझ्या पायाला नुसतं तेल लावलंय. आमच्या घरात तो विनोदच झाला होता, लेक लहानपणापासून म्हणायची, चढ आला, आई, चप्पल धर. ती हसायची आणि वाकायची. आणि तेवढ्यात पुढून घर्रर्र आवाज यायचा, मी स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायचो, बघ, लागला पंखा, वेळच्या वेळी, आपोआप. ती म्हणायची, तुमचं ऐकते हो गाडी —

हे काय?

लागला. लागला की. तुम्ही काय केलंत? नाही, बंद करा. आता परत लावा. — बंद करा.

सरका जरा. मला दिसू द्या. माझी मान तेवढी वाकत नाही. हे बटण — हे माझ्या गाडीत नव्हतं. दाराच्या घंटीला असतं तसलं बटण माझ्या गाडीत कशाला असेल? आणि हा दोरा — तारांच्या जोडावर दोरा गुंडाळलाय. हो, ओळखतो, मला काय सांगता, चिकटपट्टीवरून मेण लावलेला दोरा बांधणारा एकच माणूस होता. तुमच्या वडिलांचा हात आहे हा. पण त्यांनी मला — म्हणजे गाडी तापली की पंखा आपोआप लावणारा रेडिएटरवरचा तो स्विच गेला होता? आणि मिळेना, या मॉडेलचा बनायचाच बंद झाला? ... हो. हो, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाडी तिच्या भावाने इथे आणली होती. नुसतं तेलपाणी म्हणून. तीही आली होती बरोबर. म्हणजे तेव्हापासून. माझ्या बाजूला लावलं असतं तर मला दिसलं असतं, म्हणून तिच्या बाजूला.

तुमचे वडील तिला वहिनी म्हणायचे. दोघांनी मिळून ठरवलं असणार. यांना सांगू नका, यांचा जीव आहे त्या गाडीत, तार कापली म्हणून महिनाभर जेवायचे नाहीत. असंच म्हणाली असेल. मला तिचा आवाज ऐकू येतोय.

आणि मग आयुष्यभर काट्यावर नजर तिची. मी रस्ता बघायचो, गप्पा मारायचो, हात करायचो लोकांना. शेवटी शेवटी तिला बसवत नव्हतं मिस्त्री, तरी यायची. मी म्हणायचो, तू पडून राहा, मी औषधं घेऊन येतो. नाही, येते. मला वाटलं, हिला हिंडायची हौस. आणि दवाखान्यात एकदा म्हणाली, अहो, त्या गाडीचं एक सांगायचंय. मी म्हटलं, गाडीचं? तू मला सांगणार? हसली. मग नर्स आली, मग राहूनच गेलं. विचारलंही नाही मी परत. काय सांगायचं होतं म्हणून विचारावं, एवढंही सुचलं नाही मला.

नको. बटण माझ्या बाजूला नका आणू. आपोआप लागणारा नवा स्विचही नको. सोपं असेल हो, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण हात लावू नका त्याला. दोरा तसाच राहू द्या. पैज? पैज तर हरलोच मी. उद्या चढ चढली तरी हरलो. ही गाडी मी एकट्याने कधी चालवलीच नव्हती, आणि मी लेकीला सांगत बसलो, मला कुणाची गरज नाही म्हणून. उद्या ती चालवेल. मी इथे बसेन, या सीटवर. काटा अर्ध्यावर आला, की दाबेन. ती म्हणेल, बाबा, लागला बघा पंखा. मी म्हणेन, हो गं, तुझं ऐकते गाडी. मग वरून घर बघू एकदा, आणि जाऊ लेकीच्या घरी.

बॉनेट लावा तेवढं. आणि तुम्ही जा, चहा घेऊन या. मी बसतो इथे. नाही, बरा आहे मी, नका हात देऊ. वाकलोय ते — चप्पल निसटली माझी. शोधतोय. जा तुम्ही.