पट्टा हलेना

बाळंतपणाच्या रजेत डोकं गंजतं, असं मला कोणी म्हणालं नव्हतं बरं का; ते माझं मीच ठरवून टाकलं होतं.

कामावर परतले आणि दहाव्याच दिवशी नरखेडच्या नव्या संत्रारस कारखान्याची पहिली चाचणी माझ्या गळ्यात. साहेबांच्या आग्रहावरून मीच पूजा केली, मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि बटण दाबलं. संत्री वाहून नेणारा पट्टा जागचा हलेना! मोटर बघितली, वायरी बघितल्या, सगळं ठीक. सात महिने दुपटी बदलण्यात गेले, आता आणखी काय होणार?

"काका, मशीनसाठी मी लिहिलेला प्रोग्रामच चुकलाय," मी आमच्या जुन्या फिटरकाकांना म्हणाले. "साहेबांना सांगते, दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

काका वाकून बघत होते. "थांब वं पोरी. हा हार कोनं घातला?"

"मीच."

"सेन्सरच्या डोळ्यावरच घातला ना! त्याले वाटून राहिलं संत्रं अडकलं."

मला रडूच फुटलं. "म्हणजे चूक माझीच."

"काहून रडून राहिली? काही अडकलं तर पट्टा सुरू होऊ नये, हे मशीनले कोनं शिकवलं?"

"मीच."

"मंग! मशीन बरोबर शिकली ना ते."

त्यांनी हार काढला, मी बटण दाबलं, संत्री निघाली. तेवढ्यात साहेब आले. "इतका वेळ का लागला?"

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मॅडम सेफ्टी तपासून राहिल्या होत्या, साहेब."