ज्ञानमीमांसेची तोंडी परीक्षा

तत्त्वज्ञानाच्या एमएला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी ज्ञानमीमांसेवर विचारलं, "एखादी गोष्ट खरी, हे कशावरून ठरवायचं?" पाठ केलेलं काहीच आठवेना.

सर म्हणाले, "राहू दे. घरी कोण असतं?"

"आई. तारोडीहून येऊन भाईंदरच्या बाजारात मासे विकते."

आणि बोलता बोलता मला सुचलं. म्हटलं, "सर, आई गिऱ्हाइकाला मासा ताजा आहे म्हणते, ते शब्दप्रमाण. मग म्हणते, माझ्या बोलण्यावर जाऊ नको, कल्ला उघडून बघ. तो लालभडक दिसतो, ते प्रत्यक्ष. त्यावरून मासा आजचाच, हे अनुमान."

सरांनी पेन खाली ठेवलं.

"शेवटचा प्रश्न," ते म्हणाले. "आई बाजारात नेमकी कुठे बसते?"

त्या वर्षी वर्गात पहिली मी आले.