शून्य म्हणजे मंजूर

— नाही, वायर नका काढू. आधी बसा. काय नाव म्हणालात, समाधान? लॅपटॉप न्यायला कंपनीनं माणूस पाठवला आणि त्याचं नाव समाधान — बरं जमवलंय. चहा टाकलाय, नको म्हणू नका. माझी पूर्वा गेल्यापासून तो लॅपटॉप बंद केलेला नाही मी, एकदाही नाही. तुम्हाला बंद करूनच न्यायचाय, माहितीये, सकाळी तुमच्या मॅडमनी फोनवर अगदी हळू आवाजात समजावलं मला — मी आजारी असल्यासारखं.

त्या ओळी सरकताहेत ना स्क्रीनवर, तो तिचा शेवटचा प्रयोग. तुम्हाला माहीत असेलच, तरी ऐका, तिनं मला शिकवलं तसं सांगते. खऱ्या यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र, नुसतं मानलेलं — ती त्याला पाहुणा म्हणायची. पाहुण्यानं आपले हिशेब खुशाल करावेत, पण मेमरी वाढवून हवी, खऱ्या डिस्कला हात लावायचा, असलं काही आलं की त्याचं चालत नाही. वर मालक बसलेला, हायपरवायजर. पाहुण्यानं ठरलेला नंबर वर द्यायचा आणि थांबायचं — अगदी थांबायचं हं, वरून उत्तर आल्याशिवाय त्याचा पुढचा क्षणच सुरू होत नाही. मी म्हटलं, अगं, हे तर आमचं आवक-जावक! तीस वर्षं ऑफिसात मी दुसरं काय केलं? फक्त तुझा साहेब जेवायला जात नाही.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्य आहे, बघा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, काय गं हा तुझा मालक, ज्याला त्याला शून्यच देतोय, इतका कद्रू? कसली हसली! आई, अगं शून्य म्हणजे मंजूर. काही चुकलं नाही, काम झालं. नाकारलं तर वजा येतं. मग घरात तेच सुरू झालं — आई, मंडईतून अंजीर आणशील? शून्य. माझा डबा घासशील? वजा!

हसा की. मीही हसते कधीकधी. मग ती आजारी पडली, दवाखान्यात गळ्यात नळी घालायची ठरली, बोलणं बंद होणार, तर हिनं आदल्या दिवशीच नंबर ठरवले, माझ्या तळहातावर बोटानं टकटक करायचे. एक म्हणजे ओठ ओले कर, दोन म्हणजे कुशीवर वळव, तीन म्हणजे डोळ्यांवरचा दिवा घालवायला सांग. आणि चार म्हणजे — पुरे. पाहुण्याला स्वतःला बंद व्हायचं असलं ना आई, तरी वर विचारावं लागतं, म्हणाली. मी म्हटलं, चार आपल्याला लागणार नाही. तिचे वडील कधीच गेले, वर म्हणजे मीच.

एका दुपारी सिस्टर चादर बदलत होती, तेव्हा चार वेळा टकटक झाली. म्हटलं, चुकून झालं असेल. पुन्हा चार. आणि मग हात माझ्या हातात ठेवून ती थांबली. नुसती बघत राहिली माझ्याकडे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आता उपाय नाही, नळी काढून घरी न्यायचं असेल तर तुम्ही सांगा. काय करायला हवं होतं मी? आईनं वजाच द्यायला हवं ना? कुठलीही आई वजाच देईल. मी अंगठ्याला बोट लावलं आणि शून्य केलं, तिला दिसेल असं. तर सिस्टर म्हणते, अरे वा काकू, छान! आज बरं वाटतंय वाटतं आपल्या पेशंटला!

हे कुणाला बोलले नव्हते मी. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. विहारातल्या बायका येतात, म्हणतात, नंदाताई, आपल्या हातात काय असतं? मी मान हलवते. माझ्याच हातात होतं हो. पोरगी विचारत होती आणि माझ्याच हातात होतं.

चहा निवला तुमचा. राहू दे. करा बंद. विचारतंय ना ते, बंद करायचं का म्हणून? मग हो म्हणा. नाही, मी नाही दाबणार. माझ्याकडे नका बघू, तिकडे बघा आणि दाबा.

झालं? एवढ्यात? अहो, नळी काढल्यावर तिला जायला संध्याकाळ झाली होती — उठा. काही बोलू नका. न्या फक्त.