पूर्वज बोलत नसतात

…आणि कान खाजतोय! तुम्हाला सांगते, कान खाजायला लागला आणि खाजवायची बंदी असली ना, की माणसाला दुसरं काही म्हणजे काही सुचत नाही. बरं, खाजतोय तो माझा कान, आणि त्याच्यावर चिकटवलाय तो दुसराच, स्पंजचा, लांबलचक, वर टोक काढलेला! आत माझ्या कुडीची फिरकी रुततेय, वरून तो डिंक कातडी ओढतोय, मी आपला हळूच हात वर नेला, तर लगेच त्या स्वरूपचा आवाज, "काकी! पूर्वज कान खाजवत नसतात!" म्हटलं, "बरं बाबा, मग तू तरी येऊन खाजव…" तर म्हणतो कसा, "काकी, पूर्वज बोलत नसतात! खेळ सुरू व्हायचाय म्हणून सोडतो!"

पूर्वज बोलत नसतात म्हणे! अहो, मी जिवंत बाई! सकाळी उठून ढीगभर भाकऱ्या थापून आलेली बाई! मला आंब्याखालच्या उंचवट्यावर चटई टाकून बसवलं आणि सांगितलं, आता तू मेलीस, गप्प बस…

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? मुळापासून सांगते.

आमची रुचिता. एकुलती एक. वाशिंदला एका कंपनीच्या ऑफिसात जाते. पोरगी गुणाची, पण बोलणं म्हणाल तर दोन शब्द. "भाजी कशी झालीय गो?" हूं. "अजून भात वाढू?" नको. लोक म्हणतात, काय शांत पोरगी आहे! मी म्हणते, दोन दिवस न्या घरी, भिंतीशी बोलायला लागाल. आणि ही पोरगी दर रविवारी कल्याणला जाते ती कशाला, तर सोंगांचा खेळ खेळायला! कॉलेजात असल्यापासून. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि वर्षानुवर्षं तेच चालवायचं, फासे टाकायचे, गोष्ट पुढे न्यायची. हिचं सोंग कसलं? तर एल्फचं.

"एल्फ म्हणजे काय गो?"

"लांब कानांचे लढवय्ये, आई. हजार हजार वर्षं जगतात. समुद्रकिनारा राखतात. आणि पूर्वजांना पूजतात."

"हजार वर्षं जगतात, तर पूर्वज आणतात कुठून?"

"लढाईत मरतात ना!"

"मग लढतात कशाला?"

झालं. हूं.

तर ह्या वर्षी त्यांनी ठरवलं, टेबलावर नाही, मोकळ्या मैदानात खेळायचं. खऱ्या स्पंजच्या तलवारी घेऊन! त्याला पाहिजे समुद्रकिनारा. आता आम्ही राहतो शेणव्याला, शहापूर तालुक्यात समुद्र कुठून आणायचा? पण पोरांनी आणला हो! आमच्या खाचरात! भात कापून झालेला, आमचे हे म्हणाले, "खेळू दे, बांध तेवढे तोडू नका." आम्ही ज्या निळ्या ताडपत्रीवर भात झोडतो ना, ती पसरली आणि म्हणाले, हा समुद्र. बांध म्हणजे किनारा. बांधावर काठीला माझ्याच जुन्या साडीचं पिवळं फडकं, तो झेंडा. कल्याणची दुसरी तुकडी म्हणजे समुद्री चाचे. शिट्टी होईपर्यंत झेंडा उभा राहिला तर किनारा वाचला. पडला तर एल्फांची कुळी संपली. आणि कुळी संपली की रुचिताचं सोंग कायमचं गेलं. परत उठवायचं नाही, तसा नियमच.

मी आपलं म्हटलं, "एवढंच ना? दुसरं सोंग घे." तिने माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की मी उगाच चुलीत लाकूड सारलं.

पूर्वज व्हायला त्यांची एक मैत्रीण येणार होती, तिला आला ताप. "आई, तू फक्त बसायचंस." कोण म्हणून? तर इलवेरा म्हणून. कुळीची आदिमाता, जिने एकटीने किनारा राखला ती! एल्फ लोकांत म्हणे प्रत्येक जण एक पूर्वज मानतो, आणि तो जसा लढला तसंच लढतो. नियम समजावायला तो स्वरूप आला. हा त्यांचा पंच, कल्याणचा, गळ्यात शिट्टी. "काकी, तुम्हाला वरून सगळं दिसणार. पण बोलायचं नाही. सेनानी, म्हणजे रुचिता, एकदाच येऊन विचारील, तेव्हा एकच वाक्य बोलायचं. मध्येच बोललात तर ते वाक्यही गेलं!"

एकच वाक्य! मला! अहो, मी पोस्टात तिकीट घ्यायला गेले तरी दहा वाक्यं होतात!

पण मग खेळ सुरू झाला आणि मी तो आवाज ऐकला. "तटरक्षक! उभे राहा! पाठ दाखवायची नाय!" मी म्हटलं कोण ही बाई, एवढी घुमतेय कोण… तर आमची रुचिता! बांधावर उभी, हिरवा झगा वाऱ्यावर, आणि आवाज पार पलीकडच्या शिवारात! चांगले दाढीवाले बाप्ये तिच्या एका शब्दावर इकडचे तिकडे पळतायत! माझ्या अंगावर काटा आला हो. म्हटलं, हा आवाज माझ्या घरात राहतो आणि मला माहीत नाही? आणि ते सोंग मेलं, तर हा आवाज जाणार कुठे? तेव्हाच ठरवलं, जीभ चावून बसेन, पण ते एक वाक्य पोरीच्या कामाला येईल असंच बोलेन.

मग पोरं आली पूजेला. आता बघा, पूर्वजांची पूजा ह्या पोरांनी कुठे बघितलीय? आपापल्या घरीच ना! तर त्यांनी बिचाऱ्यांनी जे बघितलं तेच केलं. गळ्यात झेंडूचा हार. बाजूला दिवा. पुढ्यात पळसाचं पान. पानावर भाताचा गोळा, वर काळे तीळ, वर दही! सगळे हात जोडून उभे! मी बघतेय त्या गोळ्याकडे… अहो, हे काय मांडलंत? जिवंत बाईपुढे पिंड? म्हणणार होते, काढा रे बाळांनो ते, तर स्वरूपने शिट्टीच उचलली. पूर्वज बोलत नसतात!

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगते, कावळा आला.

लोकांच्या दहाव्याला काय होतं? तासन् तास उभे राहतात, कावळा बघत नाही. मग हात जोडतात, तुमच्या नातवाचं लग्न लावू, तुमच्या म्हशीला सांभाळू, एकेक इच्छा बोलतात, तेव्हा कुठे तो येतो. आणि माझ्या पिंडाला? आला, चोच मारली, गेला! मागे वळूनसुद्धा बघितलं नाही! म्हणजे माझी एकही इच्छा उरली नाही असं त्याने परस्पर ठरवलं! अरे मेल्या, समोर माझी पोरगी लढतेय, तिचा किनारा वाचायचाय, माझा जीव त्या पिवळ्या फडक्यात अडकलाय, आणि तू खुशाल शिवून जातोस? पण सांगणार कसं? पूर्वज बोलत नसतात!

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बांधावरून नेमकी आली धोंडीबाई, आमची शेजारीण, डोक्यावर लाकडांची मोळी. तिने बघितलं. हार. दिवा. पान. मी. मोळी टाकली खाली आणि, "अगो बाय माझे! भावना गो! सकाळी तर पाणी भरत होतीस गो!"

पोरं धावली. "आजी, आजी, खेळ चाललाय!"

"खेळ? बाईच्या मढ्याशी खेळ करताव? लाज नाय वाटत?"

"आजी, काकी जिवंत आहेत! बघा, बसल्यात!"

"बसवलीय तुमी टेकून! जिवंत हाय तर बोलत का नाय? भावना गो, बोल!" आणि जवळ येऊन माझ्या तोंडासमोर हात हलवते. मी डोळे मिचकावले. एकदा, दोनदा. "डोळे मिटतेय, पण बोलत नाय!" ती ओरडली. "भावना! आणि बोलत नाय! मग गेलीच गो ती!"

काय सांगू तुम्हाला, जिभेवर वाक्यांची रांग लागली होती. पण बोलले असते तर रुचिताचं वाक्य गेलं असतं. गिळलं सगळं. आणि धोंडीबाई गेली बोंबलत आमच्या घराकडे, "साईनाथ रे, तुझी बायको गेली!"

आले हो हे. धावत. पायात एकच चप्पल, खांद्यावर टॉवेल, तोंडाचा रंग गेलेला. मला बघितलं. कान बघितले. स्वरूपने सगळं समजावलं. हे ऐकत राहिले, मग हळूच विचारलं, "खरंच बोलत नाय?"

"नाही काका. नियम आहे."

ह्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "मग संध्याकाळपर्यंत चालू द्या," आणि गेले घरी!

असू दे. ते नंतर बघितलं मी. पण त्या गोंधळात काय झालं, माझी नजर गेली पेंढ्याच्या उडवीकडे, आणि उडवी हलतेय! मागून डोकं निघालं. मग दुसरं. चाचे हो! समुद्रातून यायचं सोडून मेले पेंढ्यातून सरपटत येतायत, डोक्यावर गवत खोचून! आणि आमचे सगळे एल्फ, एकूण एक, ताडपत्रीकडे तोंड करून उभे! आता गलबतं येतील, मग गलबतं येतील… मी डोळ्यांनी खुणावते, कोण बघतोय? मनात वाक्य तयार केलं, "उडवीमागे बघ." शाळेत कविता पाठ करायचो तसं घोकत बसले. उडवीमागे बघ. उडवीमागे बघ. ये गो बाय, विचार एकदाचं!

आली. धावत धावत उंचवट्यावर आली, माझ्यापुढे गुडघे टेकले. तोंड उन्हाने लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओठ बघते तर सुकून भेगा पडलेल्या. हात जोडले आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आदिमाते इलवेरा, तुझी लेक विचारतेय. शत्रू कुठून येणार?"

आणि मी तोंड उघडलं. आणि काय बोलले ठाऊक आहे?

"पाणी प्यायलीस का गो?"

अहो, मी नाही बोलले! ते आपोआप गेलं! सुकलेले ओठ बघितले आणि गेलं!

स्वरूप म्हणाला, "पूर्वज बोलले. वाक्य संपलं." रुचिता माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रागवेल, पण हळूच म्हणाली, "नाही." एवढंच. आणि तेवढ्यात मागून आरोळी उठली.

लढली हो पोरगी. शेवटपर्यंत ओरडत होती, "झेंडा राखा!" पण तिघे तिच्या अंगावर आले, स्पंजची तलवार पाठीत बसली, आणि पडली. पडलेला सेनानी पूर्वज होतो, त्या नियमाप्रमाणे तिच्या डोक्यावर पांढरं फडकं घातलं आणि आणून बसवलं, कुठे? माझ्या शेजारी, चटईवर! आता तीही पूर्वज! एक कान गळून पडलेला, नजर समोर, माझ्याकडे बघेल तर शपथ. मला किती बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. पण दोघींनाही बंदी. पूर्वज बोलत नसतात!

बाकीचे एल्फही एकेक करून बाद झाले, खाली उरला एकटा विपुल. बँकेत नोकरीला आहे, एरवी टाय लावून जातो. आता झेंड्याला पाठ लावून उभा. चाचे गायब. शेवटचा उरलेला म्हणून तोच सेनानी, आणि त्याला नव्या पूर्वजाला एकदा विचारायची परवानगी. आम्हाला वरून सगळं दिसतंय: चाचे लपलेत बांधाच्या चरात, झेंड्यापासून हातभर! रुचिताचे डोळे चमकले. मी म्हटलं, वाचला! माझ्यासारखी वेंधळी नाही ती, सहा वर्षं खेळतेय, बरोबर सांगणार!

विपुल आला धावत, धसकटांतून, अनवाणी. गुडघे टेकले. "सेनानी, तुमचा सैनिक विचारतोय. शत्रू कुठे आहे?"

रुचिताने तोंड उघडलं. त्याच्या पायाकडे बघितलं. टाचेतून रक्त येत होतं.

"चपला कुठेयत रे तुझ्या?"

तुम्हाला सांगते, मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. विपुल बिचारा म्हणाला, "बांधावर राहिल्या," आणि बांधाकडे वळतो तोवर झेंडा आडवा! शिट्टी. किनारा पडला. कुळी संपली.

मग काय, सगळे जेवायला बसले त्याच ताडपत्रीवर. चाचे आणि एल्फ मांडीला मांडी लावून, भर समुद्रात, तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाची उसळ. चाचे तर रुचिताला म्हणत होते, काय लढलीस! ही गप्प. पान तसंच. मी सगळ्यांना वाढत फिरले, तिच्यापुढून मात्र दोनदा नुसतीच पुढे गेले, हिंमतच होईना. म्हटलं, संपलं. सोंग गेलं, आवाज गेला, आता उरलेला जन्म "हूं" आणि "नको". शेवटी सगळ्यांचं वाढून झालं, कंबर नुसती भरून आलेली, मी आत्ता कुठे टेकतेय, घास हातात घेतेय…

"आई! पाणी दे!"

अशी ओरडली म्हणता! घरातली हूंवाली नव्हे, बांधावरची! पलीकडच्या शिवारातली गुरं माना वर करून बघायला लागली! आणि वर म्हणते, "तूच विचारलंस ना? नाय प्यायले. दे आता!"

उठले. काय करते? गळ्यात हार, डोक्याला लांब कान, हातात तांब्या. जगात सगळीकडे पोरं पूर्वजांना पाणी देतात हो… आमच्याकडे पूर्वजच तांब्या घेऊन पोरांच्या मागे फिरतायत!