तंबूला बैलाचे कासरे

शाळेच्या सहलीच्या फोटोत आमचे तंबू बैलाच्या कासऱ्यांनी का बांधलेत, ते ऐका.

शिकून गावी परत आलो तेव्हा एकच ध्यास होता, बेंबळीच्या शाळेतल्या पोरांनी येडशीच्या जंगलात एक रात्र तरी तंबूत काढायची. शाळेनं कशीबशी परवानगी दिली, तीही एकदाच. तंबूंना ओल लागू नये म्हणून मी घरात पाइप ठोकला, त्याला जाडजूड लोखंडी हँगर लावले आणि तंबू, दोऱ्या सगळं नीट टांगलं. आईला अभिमानानं म्हणालो, "एकेक हँगर चाळीस किलो पेलतो."

निघायच्या सकाळी खोलीत गेलो, तर तंबू खाली रचलेले. हँगरला माझ्याच दोऱ्यांनी साडीची झोळी बांधलेली आणि तिच्यात, बाळंतपणाला आलेल्या ताईचं बाळ निजलेलं.

"आई, दोऱ्यांशिवाय तंबू उभे कसे करू? पोरं जीपमध्ये बसलीत!"

"हळू बोल. तुझी पोरं जागीच हायत. हे रात्रभर रडून आत्ता कुठं निजलंय."

"पण झोळी माझ्या हँगरला कशाला?"

"चाळीस किलो पेलतो म्हणलास न्हवं? हे तर चार किलोचं बी न्हाय."

मग तीच गोठ्यात गेली आणि कासरे घेऊन आली. जंगलात रात्री लई वारा सुटला, तरी एकही तंबू हलला नाही.

परत आल्यावर तंबू टांगायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे खालीच. आणि अजून दोन हँगर मागव. तुझी धाकटी बहीण बी बाळंतपणाला यायलीय."