डुक्कर फियाटला पद्मिनीची प्लेट

मंचरहून जुन्नरला निघालेली एसटी. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारा, शेजारी बायको. त्याच्या मांडीवर थाळीएवढी क्लचप्लेट.

"गजरा, जमलं! आपल्या जुन्या डुक्कर फियाट गाडीची प्लेट कुठंच मिळंना. ही नंतर निघालेल्या पद्मिनी गाडीची हाय, पण जुन्या प्लेटीवर ठेवून बगितली तर दात्याला दाता जुळला!"

"हळू बोला की. सगळी एसटी बगतीया."

"बगू दे! आज घरी गेलो की लगेच बसवतो."

"आजच?"

"मग? उद्या लगीन लागलं की आपली धाकटी श्रेया त्याच गाडीतनं सासरला निघणार. दर लग्नात तेच व्हतं. वेशीजवळच्या चढाला क्लच घसरतो, इंजिन नुसतं बोंबलतं. नवरी आत अन् सगळी भावकी मागनं ढकलतीया. लाज वाटती राव!"

"थोरल्या हिराच्या येळेला मीबी ढकलली व्हती."

"आता कुणीच न्हाई ढकलायची! एका दमात चढ पार! पोरगी भुर्रकन जाईल बग! लई भारी काम झालंय, गजरा!"

"हिरा मागच्या काचंला तोंड लावून बसली व्हती. मी ढकलत व्हते. चढ संपस्तोवर पोरगी माझ्यासमोर व्हती. अवो, प्लेट चांगलीच हाय. पण परवा बसवा."